चाकाच्या खुर्चीला वाट आणि कूलरला जागा

नलिनी वैरागडे मॅडम यंदा वयाची साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा आनंद झाला आणि संकोचही वाटला. मॅडमची आणि माझी पहिली ओळख सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागते. ती टाळून पुढचे काहीच नीट सांगता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तेव्हा मी नागपूरला हिंगण्याजवळच्या एका कामावर कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर होतो. कारखान्यांत काम करणाऱ्या आणि स्वतःचे घर नसलेल्या कुटुंबांसाठी शासनाच्या योजनेतून चार मजली इमारती उभ्या राहत होत्या. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, एवढेच घर. मॅडम घरबांधणी विभागात उपअभियंता होत्या आणि आमचे काम तपासण्याची जबाबदारी त्यांच्याकडे नुकतीच आली होती. त्यांच्याविषयी आमच्यात बोलले जाई ते एवढेच, की बाई कडक आहेत आणि चहा घेत नाहीत. चहाचे खोटे होते. चहा त्या घेत, पण काम पाहून झाल्यावर.

पहिल्याच सकाळी त्या आल्या त्या स्वतःची टेप घेऊन. दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या पहिल्या घरात शिरल्या, थेट न्हाणीघराच्या दाराशी गेल्या आणि टेप लावली.

"बोरकर, मंजूर नकाशात हे दार किती आहे?"

"तीन फूट, मॅडम."

"आणि इथे?"

इथे अडीच फूट होते. दुसऱ्या एका कामावरून उरलेल्या तयार चौकटी गोदामात पडून होत्या. आमचे शेठ म्हणाले, "त्याच लावून टाक," आणि मी लावून टाकल्या. साइटवरच्या नकाशात तसा बदल करून खाली स्वतःची सहीही ठोकली होती. अर्ध्या फुटाने कोणाचे काय बिघडते, असे मला खरोखरच वाटत होते, आणि तसे मी मॅडमना बोलूनही दाखवले.

त्यांनी टेप गुंडाळली. आवाज चढवला नाही. "तुमच्याजवळ मोटरसायकल आहे ना? या माझ्यामागे," एवढेच म्हणाल्या.

त्यांची मोपेड पुढे आणि माझी मोटरसायकल मागे, असे आम्ही उन्हातून सक्करदऱ्याला पोहोचलो. मला वाटत होते, कार्यालयात नेऊन माझ्याकडून लेखी घेणार. पण त्या तलावाच्या मागच्या एका गल्लीत थांबल्या. भाड्याच्या एका खोलीत वामनराव हेडाऊ आणि त्यांच्या पत्नी सुमनताई राहत होते. वामनराव मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. हिंगण्याला एका कारखान्यात पाळीवर काम करत. घरी परतताना मोटरसायकल घसरली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीवर होते. आमच्या त्या वसाहतीतल्या घरासाठी त्यांचा अर्ज होता आणि अर्जदार राहतात कसे, हे पाहायला मॅडम आधी एकदा त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या. असे जाण्याची कोणी सक्ती केलेली नव्हती.

मॅडमनी माझी ओळख करून दिली. "हे बोरकर. तुमची घरं बांधतात. यांना तुमच्या न्हाणीचं दार दाखवायचं आहे."

वामनरावांचा चेहरा आखडला. "काहून? माणूस न्हाणीत कसा जाते, हे पाहाले आले काय हे?"

"नाही. फक्त दार पाहायला आले. तुम्ही खुर्चीवरून हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

मी दार पाहिले. माझ्या साइटवरच्या दारापेक्षा बोटभर रुंदच असेल. खुर्ची त्यातून जात नव्हती. दाराशी एक बुटका पाट ठेवलेला होता. सुमनताई वामनरावांना काखेत हात घालून खुर्चीवरून त्या पाटावर उतरवत आणि आत सरकवत. त्यांनी हे सांगितले ते भाजी कशी करतात हे सांगावे इतक्या साध्या सुरात.

"तुम्ही घरी नसल्या तर?" मी विचारले. सुमनताई एका शाळेत स्वयंपाकाच्या कामाला जात, हे येताना मॅडमनी सांगितले होते.

उत्तर वामनरावांनी दिले. "हे गेली की मी पाणीच पीत नाही साहेब. संध्याकाळी आली की मग पितो."

"मे महिन्यातही?"

"मे महिना काय माह्या सोयीनं येते काय?"

सुमनताईंनी चहा आणला होता. तो मी कसा प्यायलो, आठवत नाही. बाहेर आल्यावर मॅडम एवढेच म्हणाल्या, "ती अर्ध्या फुटाची गोष्ट होती, बोरकर." आणि मोपेड सुरू करून निघून गेल्या. मला कोणी इतक्या थोडक्यात कधी शिकवले नव्हते.

पुढचे दिवस वाईट गेले. मॅडमनी सर्व इमारतींतल्या न्हाणीघरांची दारे नामंजूर केली. त्यावर आमच्या शेठनी वरिष्ठांकडे कळवले, की हा बदल वैरागडे मॅडमच्याच तोंडी सूचनेवरून केला होता. मॅडमना खुलासा मागवणारे पत्र आले. त्या कामावर नवीन आहेत आणि दारे त्या येण्याआधीच बसली होती, हे मला ठाऊक होते. आणखी कोणाला खात्रीने सांगता येणार नव्हते, कारण बदल केलेल्या नकाशावर सही माझी होती आणि तारखेची जागा मी कोरी ठेवली होती. मी गप्प राहिलो असतो तर नोकरी टिकली असती आणि त्यांच्या पंचवीस-तीस वर्षांच्या सेवेला डाग लागला असता.

त्यांनी मला एकदाही फोन केला नाही. "खरे सांगा," असा निरोपही धाडला नाही. चार दिवस मी त्या फोनची वाट पाहिली. तो आला असता तर नकार देता आला असता, किंवा उपकार केल्यासारखे हो म्हणता आले असते. फोन आलाच नाही. पाचव्या दिवशी मी स्वतः जाऊन लेखी दिले, की बदल मी केला, शेठच्या सांगण्यावरून केला, आणि तो वैरागडे मॅडम या कामावर येण्यापूर्वी केला. मॅडमवरचा ठपका गेला. त्याच संध्याकाळी माझी नोकरीही गेली.

घरी मी सांगितले नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि सक्करदऱ्याच्या तलावाकाठी हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचो. एका दुपारी बाजूला कोणीतरी येऊन बसले. पाहतो तर मॅडम. वामनरावांच्या घराकडून परत निघाल्या होत्या.

"घरी सांगितलं?"

"नाही."

त्यांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगांचा पुडा काढला आणि मधोमध ठेवला. आम्ही शेंगा सोलत बसलो. अर्धा पुडा संपल्यावर म्हणाल्या, "आज सांगून टाक. बायकोला दुसऱ्याकडून कळलं तर तिला जास्त लागेल. आणि उद्या दहा वाजता माझ्याकडे ये. काम आहे." त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या. आजपर्यंत 'तू'च म्हणतात आणि ते ऐकण्याचा मला अभिमान वाटतो.

ते काम म्हणजे एक तपासणी पुस्तिका. लहान घर ताब्यात देण्यापूर्वी त्यात काय काय पाहायचे, हे चित्रांसह सांगणारी. त्या वेळी अपंगांच्या सोयीचे नियम होते, ऊर्जा वाचवण्याचे नियम होते, पण ते जाडजूड कागदांत होते आणि मिस्त्रीच्या हाती कधी पडत नव्हते. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने पुस्तिकेचा भार उचलला आणि चित्रे काढायला मला घेतले. मॅडम कार्यालय सुटल्यावर ती तपासत. एकेक चित्र अनेकदा परत येई. त्यांचा शेरा ठरलेला असे: "मिस्त्रीनं चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे." दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, उताराची लांबी, बटणांची जागा, शौचालयातला धरायचा दांडा. प्रत्येक मापाखाली एक ओळ असायची, की हे माप कोणासाठी. "कोणासाठी ते लिहिलं नाही तर माप पाळलं जात नाही, पंकज," हे त्यांनी मला सांगितले. सांगण्याची गरज नव्हती. माप न पाळणारा मीच तर होतो.

दारांचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटत असेल. सगळ्यांना भीती होती ती तोडफोडीची. मॅडमनी नकाशे घेऊन बसून दाखवून दिले, की दारांवरचा काँक्रीटचा पट्टा भिंतभर सलग गेला आहे, त्यामुळे एका बाजूची अर्ध्या फुटाची वीट काढली तरी इमारतीला धोका नाही. हे त्यांनी कागदावर सांगून सोडले नाही. पहिले दार फोडले तेव्हा सकाळी सातपासून त्या स्वतः तिथे उभ्या होत्या. नवी चौकट आणि दार बसले, त्या दुपारी त्यांनी मला बोलावले आणि वामनराव-सुमनताईंनाही रिक्षाने आणवले.

गिलावा अजून ओला होता. वामनरावांनी खुर्ची दारातून आत नेली. कुठेही घासली नाही. आत वळवली, आणि मग दार लोटून घेतले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही सगळे बाहेर उभे. एक मिनिट गेले, दोन गेली. सुमनताई पुढे झाल्या.

"अहो, काय झालं?"

"काही नाही वं. बसलो आहे थोडा."

तिथे मिस्त्री होता, दोन मजूर बाया होत्या, मी होतो. अपघातानंतर त्या माणसाने पहिल्यांदा आतून कडी लावली होती. मॅडम खिडकीकडे तोंड करून वीट तपासत असल्यासारखे करत होत्या. ती वीट त्यांनी सकाळीच तपासली होती.

सोडतीनंतर वामनरावांना तळमजल्यावरचे घर मिळाले. पण मॅडमनी त्यांना तेवढ्यावर सोडले नाही. पुस्तिकेत त्यांनी एक अट घातली, की ताबा देण्यापूर्वी चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीने घर फिरून पाहावे आणि आपले मत लिहून द्यावे. या कामासाठी वामनरावांना रीतसर पत्र देऊन नेमले. तेव्हापासून कोणत्याही इमारतीत मॅडमचे ठरलेले वाक्य असे: "आधी वामनराव फिरून येतील, मग सही." वामनराव कोणाची भीड ठेवत नाहीत. एकदा एका तरुण इंजिनिअरला भिंतीवरचे बटण दाखवून म्हणाले, "हे कोनासाठी लावलं गा? मांडवातल्या लाइटवाल्यासाठी? त्याच्याजवळ शिडी असते, माह्याजवळ नाही." ते बटण त्याच दिवशी खाली आले.

मॅडमच्या घरी कोणी अपंग आहे का, असे पुष्कळ लोक मला विचारतात. एका कार्यक्रमात त्यांनाच कोणीतरी विचारले. त्या सहज म्हणाल्या, "नाही. घरात असावंच लागते काय?" एवढे उत्तर देऊन त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

त्यांच्या कामाचा दुसरा भाग उन्हाचा. नागपूरकरांना उन्हाळा समजावून सांगायला नको. पण सपाट काँक्रीटच्या छताखाली, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून एका खोलीत राहणे म्हणजे काय, हे घरबांधणीचे नियम ठरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अनुभवलेले नव्हते. छतावर उष्णता अडवणारा थर आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत, खिडक्यांवर पुरेसे छज्जे असावेत, हवा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या असाव्यात, हे मॅडम विभागाच्या प्रत्येक योजनेत सक्तीचे करू पाहत होत्या. "एवढ्या लहान घरांना हे कशाला?" हा प्रश्न दर बैठकीत येई.

मग एका वर्षी मे महिन्यात त्यांनी बैठकच एका जुन्या वसाहतीत बोलावली, दुपारी तीन वाजता, चौथ्या मजल्यावरच्या कौशल्याबाई नावाच्या वयस्क बाईंच्या घरात. त्यांची परवानगी आधी घेतलेली होती. पुस्तिकेची चित्रे दाखवायला मीही गेलो होतो. वरिष्ठ साहेब आणि आणखी तिघे अधिकारी सतरंजीवर बसले. पंखा फिरत होता आणि छताची गरम हवा खाली ढकलत होता.

कौशल्याबाईंनी माठातले पाणी दिले आणि नवलाने विचारले, "पण तुम्ही इथं काहून बसून राहिले बाप्पा? आम्ही तर दुपारी इथं थांबतच नाही."

"मग कुठे असता?" साहेबांनी विचारले.

"जिन्यात. पहिल्या माळ्याच्या जिन्यात. वरच्या साऱ्या बाया तिथंच असतात. भाजी तिथंच निवडतो, लहान लेकरं तिथंच झोपवतो. संध्याकाळी घरी येतो."

साहेबांनी घाम पुसत इकडेतिकडे पाहिले. "हवा कशी येत नाही? नकाशात या खोलीला खिडकी आहे ना?"

"हाव, आहे ना. ते काय, कूलरच्या मागं."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिले. खिडकी होती, पण ती पूर्ण कूलरने भरलेली. बाजूच्या फटींना पुठ्ठे ठोकलेले. उन्हाळा संपला तरी तो अवजड कूलर कुठे ठेवणार म्हणून तो तिथेच राही, आणि मग वर्षभर उजेडही नाही, हवाही नाही. त्या दुपारी नळाला पाणी नसल्याने कूलर बंद होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आपल्या कुठल्याच नियमात कूलर नाही. नागपूरच्या प्रत्येक घरात आहे."

बैठक नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर संपली. साहेबांनी छताच्या प्रस्तावाचे टिपण तिथेच मांडीवर घेऊन त्यावर सही केली. खाली उतरताना पहिल्या मजल्याच्या जिन्यात खरोखरच सात-आठ बाया आणि निजलेली मुले होती. साहेबांना वाट द्यायला त्या उठू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "बसा, बसा," आणि कडेकडेने, भिंतीला चिकटून उतरले. त्या सद्गृहस्थांविषयी माझे मत त्या दिवशी बदलले, हेही नमूद केले पाहिजे.

त्यानंतरच्या नकाशांत खिडकीखाली कूलरसाठी वेगळा ओटा आला. शेजारी पाण्याचा नळ, खाली निचऱ्याची नळी, आणि वर मोकळी राहणारी खिडकी. पांढऱ्या छताखाली लहान कूलर पुरतो, असे तिथले रहिवासी सांगतात, आणि मोठा कूलर लागत नाही म्हणजे वीजही कमी जळते. दिल्ली-पुण्याहून आलेले पाहुणे हा ओटा पाहून विचारतात, हे काय आहे? नागपूरचा माणूस कधीच विचारत नाही.

इथे मॅडमच्या एका चुकीविषयीही लिहितो. गौरवलेखात असे लिहू नये, असा रिवाज असेल; पण ते गाळले तर त्यांनाच आवडणार नाही. हिंगण्याच्या त्याच वसाहतीत प्रवेशाशी जो उतार केला, त्याची लांबी-उंची अगदी नियमाप्रमाणे होती. त्यावर गुळगुळीत घासलेला दगड बसवायला मॅडमनी मंजुरी दिली होती. तो दिसायला सुरेख होता, आणि गरिबांचे घर सुरेख दिसावे असे त्यांना फार वाटे. पावसाळ्यातल्या एका सकाळी वामनरावांची खुर्ची त्या ओल्या दगडावरून मागे सरकत गेली, उलटली आणि त्यांचे मनगट मोडले.

मॅडम तासाभरात पोहोचल्या. सुमनताईंचा संयम सुटला होता. सगळ्या रहिवाशांसमोर त्या म्हणाल्या, "तुम्ही इंच इंच मोजता मॅडम, मग हे काहून नाही दिसलं तुमाले?"

मी काहीतरी बोलायला पुढे झालो. मॅडमनी मला थांबवले. "दिसायला पाहिजे होतं, सुमनताई. मंजुरी माझी होती. चूक माझी आहे." आणि त्या मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी सुमनताईंनीच घरातली एक खुर्ची पुढे केली आणि "बसा," म्हणाल्या.

कार्यालयात परत गेल्यावर त्यांनी दोषांच्या नोंदवहीत 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. मी ते पान पाहिले आहे. आठवड्याच्या आत दगडावर आडव्या खाचा पाडल्या गेल्या, दोन्ही बाजूंना कठडा लागला आणि पुस्तिकेत नवी ओळ आली: उतार ओला करून, त्यावरून खुर्ची नेऊन पाहावी. हात गळ्यात बांधलेल्या वामनरावांनीच त्या ओळीचे चित्र पसंत केले. "मी पडलो म्हणून बाकीचे नाही पडणार. पण मॅडम, पुढच्या खेपेस आधी दुसऱ्या कोणाले पाडा," असे म्हणाले. तेव्हा कुठे मॅडम हसल्या.

दोन वर्षांपूर्वी मॅडम सेवानिवृत्त झाल्या. ती पुस्तिका आता विभागाच्या प्रत्येक नव्या योजनेच्या निविदेसोबत जोडली जाते. सगळीकडे ती पाळली जाते असे मी म्हणणार नाही. अजूनही कुठे उताराच्या तोंडाशी मोटरसायकली उभ्या असतात, कुठे लिफ्ट महिनोन्‌महिने बंद राहते. पण उमरेड रस्त्यावर सध्या जी वसाहत उभी राहत आहे, तिथे मागच्या महिन्यात मी गेलो होतो. एक तरुण मिस्त्री माझी ओळख नसताना मला समजावून सांगत होता, की उंबरा का ठेवायचा नाही आणि पश्चिमेच्या भिंतीला पोकळ विटा का. त्याने मॅडमना कधी पाहिलेले नाही. त्याला हे त्याच्या आधीच्या मिस्त्रीने शिकवले होते. मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "माझं नाव माहीत नव्हतं ना त्याला? नक्की?" आणि त्यांना फार बरे वाटलेले दिसले.

मी आज स्वतंत्रपणे इमारतींची तपासणी करतो, मिस्त्री लोकांचे वर्ग घेतो. त्या तलावाकाठच्या दुपारनंतर मॅडमनी माझ्यासाठी कुठेही शब्द टाकला नाही. त्यांनी मला काम दिले, ते वारंवार परत पाठवले आणि नीट झाल्यावर स्वीकारले. माझ्या लेखी याहून मोठी माया नाही. माझी आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गावाहून आली होती, तेव्हा त्या तिला पाहायला आल्या. दोघी तासभर बोलत बसल्या. जाताना आमच्या न्हाणीघराच्या दाराकडे एक नजर टाकून मला म्हणाल्या, "पंकज, आईसाठी इथं एक दांडा लाव." दुसऱ्या दिवशी लावला.

आता या सोहळ्याविषयी. सत्काराला संमती मागायला आम्ही पाच-सहाजण त्यांच्या घरी गेलो. आधी त्या नाहीच म्हणाल्या. खूप आग्रह केल्यावर एक अट घातली: "ज्यांना मंचावर बोलवाल, ते सगळे स्वतःहून वर येऊ शकले पाहिजेत. असं सभागृह मिळालं तर मी येते." आम्हाला वाटले, यात काय अवघड आहे. आठ दिवस आम्ही नागपुरातली सभागृहे पाहत हिंडलो. कुठे प्रवेशालाच सात पायऱ्या, कुठे दाराशी उतार पण मंचाला फक्त पायऱ्या, कुठे मंचाला उतार केलेला पण त्यावर खुर्च्यांची चळत रचलेली. एका व्यवस्थापकाने मोठ्या उदार मनाने सांगितले, "आमची चार मुलं उचलून नेतील ना खुर्ची." वामनराव सोबत होते. ते म्हणाले, "मले उचलून नेण्याइतका मी अजून मोठा नाही झालो गा."

शेवटी मॅडमना सांगायला गेलो, की तशी जागा मिळत नाही. त्या म्हणाल्या, "मग मंच कशाला पाहिजे?"

म्हणून हा सत्कार एका शाळेच्या मैदानावर, मांडवात होत आहे. मंच नाही. वाचकांपैकी जे येतील त्यांनी मॅडमना समोर उंचावर शोधू नये. त्या आपल्यातच कुठेतरी, बहुधा सुमनताईंच्या शेजारी बसलेल्या असतील, आणि हार घालायला जाणाऱ्याला थोडे वाकावे लागेल.

मॅडमचे गुडघे अलीकडे दुखतात. डॉक्टरांनी जिने कमी चढायला सांगितले आहे आणि त्या ऐकत नाहीत, ही माझी त्यांच्याविषयीची एकमेव तक्रार. ती इथे छापून ठेवतो. त्यांची प्रकृती उत्तम राहो. त्यांना भरपूर, निरोगी आणि समाधानाचे आयुष्य लाभो. उमरेड रस्त्यावरची घरे त्यांनी लोकांनी भरलेली पाहावीत. त्यानंतरची आणि त्याच्याही नंतरची पाहावीत. आम्ही चुकलो तर सांगायला त्या असाव्यात. त्या दिवशी मांडवात सगळे एकाच जमिनीवर बसून हेच मागणार आहोत, आणि मागताना मॅडम जवळच असतील, म्हणून आवाज मोठा करावा लागणार नाही.